कायनेजच्या खोबणीत बसलेलं औषध: पहिली रचना स्वतः कशी वाचायची

पाठ्यपुस्तकात किंवा एखाद्या सादरीकरणात ते चित्र तुम्ही पाहिलेलंच असणार. रंगीत फितींचा गुंता, मधोमध काड्यांचा एक रेणू आणि त्याच्या भोवती तुटक रेघा. खाली ओळ असते, 'औषध कायनेजला असं चिकटतं'. चित्र देखणं असतं, पण ती रचना स्वतः उघडून बसलं की पहिल्या पाच मिनिटांतच गोंधळ उडतो. प्रथिन एकाऐवजी चार दिसतात. लेखात वाचलेला अमिनो आम्लाचा क्रमांक शोधावा, तर तिथे भलतंच काही सापडतं. हा लेख त्या पहिल्या तासाभरासाठी आहे.

उदाहरण म्हणून एकच रचना घेऊ आणि तिच्याशीच नीट ओळख करून घेऊ: मानवी एबीएल कायनेज आणि त्यात बसलेलं इमॅटिनिब हे औषध. प्रोटीन डेटा बँकेतला (प्रथिनांच्या रचनांचं सार्वजनिक भांडार) तिचा कोड २एचवायवाय. (इथे देवनागरीत लिहिलाय, शोधखिडकीत मात्र अंक दोन आणि पुढची तीन अक्षरं रोमन लिपीत टाकायची.)

हीच का? कायनेज म्हणजे एटीपीवरचा (पेशीतला ऊर्जा पुरवणारा रेणू) टोकाचा फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रथिनाच्या सेरीन, थ्रिओनीन किंवा टायरोसीन या अमिनो आम्लांवर चढवणारं विकर. माणसाच्या जनुकसंचात अशी पाचशेच्या वर कायनेजं आहेत आणि एटीपीची खोबण जवळपास सगळ्यांची सारखीच. त्यामुळे एकाच कायनेजला नेमकं गाठणारं औषध बनवणं अवघड, असंच बराच काळ मानलं जात होतं. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात, त्यातून बीसीआर-एबीएल नावाचं सदैव चालू राहणारं कायनेज तयार होतं. त्याला रोखणाऱ्या इमॅटिनिबला अमेरिकेत २००१ साली मान्यता मिळाली. हे औषध इतकं निवडक कसं, याचं निम्मं उत्तर या रचनेत डोळ्यांनी दिसतं. उरलेलं निम्मं दिसत नाही, त्याकडे शेवटी येऊ.

आधी पान वाचा, चित्र नंतर

कोड टाकला की त्या नोंदीचं पान उघडतं. हात आपोआप फिरत्या चित्राकडे जातो, तो जरा आवरा. आधी चार गोष्टी बघा.

पहिली, रचना कुठल्या पद्धतीने काढली. इथे एक्स-रे क्रिस्टलोग्राफी आहे. प्रथिनाचे स्फटिक करायचे, त्यांवर क्ष-किरण सोडायचे, विखुरलेल्या किरणांवरून इलेक्ट्रॉनची घनता काढायची आणि त्या घनतेत अणू बसवायचे. म्हणजे प्रयोगातून मिळते ती घनता. अणूंचं मॉडेल हा माणसाने (आणि संगणकाने) लावलेला तिचा अर्थ असतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. त्याच संकेतस्थळावर हल्ली संगणकाने भाकीत केलेली मॉडेलंही शोधात येतात. त्यांवर तशी खूण असते आणि त्यांत औषध बसलेलं नसतं. घाईत तेच उघडून 'औषध कुठे गेलं' म्हणून शोधत बसणारे मी पाहिलेत.

दुसरी, रिझोल्यूशन. या नोंदीचं २.४ अँगस्ट्रॉम. एका मीटरचे दहा अब्ज भाग केले तर त्यातला एक म्हणजे एक अँगस्ट्रॉम. कार्बन-कार्बनचा साधा बंध सुमारे दीड अँगस्ट्रॉमचा. इथे आकडा जितका लहान तितकी रचना स्पष्ट. २.४ ला कड्यांचे आकार आणि बाजूसाखळ्यांची (मुख्य साखळीतून बाहेर आलेला प्रत्येक अमिनो आम्लाचा भाग) दिशा बऱ्यापैकी कळते, हायड्रोजन दिसत नाहीत. ॲस्परजीनच्या टोकाला ऑक्सिजन कुठला आणि नायट्रोजन कुठला, हेही घनतेवरून कळत नाही, ते आजूबाजूच्या बंधांवरून ठरवलेलं असतं.

तिसरी, आर-फ्री. मॉडेल सुधारताना मोजमापांतला एक छोटा हिस्सा, साधारण ५ ते १० टक्के, मुद्दाम बाजूला ठेवतात. तयार मॉडेल त्या न पाहिलेल्या हिश्शाशी किती जुळतं, याचा हा आकडा; लहान तितका बरा. परीक्षेचा पेपर आधी फुटू नये म्हणून केलेली सोय म्हणा ना. या रिझोल्यूशनला तो ०.२५ च्या आसपास असला तर ठीक. आर-फ्री आणि साधा आर-फॅक्टर (मॉडेल सुधारायला वापरलेल्या हिश्शासाठीचा तोच आकडा) यांच्यात फार मोठी दरी असेल तर मॉडेल ओढूनताणून बसवल्याची शंका घ्यावी.

चौथी, जीव कुठला. हे लोक हमखास विसरतात. एबीएल आणि इमॅटिनिबची सरावाला सर्रास वापरली जाणारी दुसरी एक नोंद आहे, १आयईपी. ती २.१ अँगस्ट्रॉमची, म्हणजे हिच्यापेक्षा स्पष्ट, पण ते प्रथिन उंदराचं आहे. कायनेजच्या भागात फरक नगण्य, तरी 'मानवी रचना' असं लिहून खाली तो कोड देणं चूकच.

चारपैकी एक ठेवा

आता फाइल उतरवा (एमएमसीआयएफ प्रकारची घ्या, जुन्या पीडीबी प्रकाराच्या मर्यादा नंतर नडतात) आणि कायमेराएक्स किंवा पायमॉल या रचना पाहायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. काहीच बसवायचं नसेल तर त्या पानावरचा मोलस्टार हा रचना दाखवणारा प्रोग्राम ब्राउझरमध्येच चालतो.

उघडल्यावर ए, बी, सी, डी अशा चार साखळ्या दिसतील. एबीएल कायनेज चौघांच्या गटाने काम करतं असा अर्थ काढू नका. स्फटिकात एकाच प्रथिनाच्या चार प्रती शेजारी शेजारी दाटीने बसल्या आहेत, इतकंच. साखळी ए ठेवा, बाकीच्या लपवा. पूर्ण पुसू मात्र नका. खोबणीजवळची एखादी बाजूसाखळी विचित्र वळलेली वाटली, तर बाकीच्या तिघींत ती कशी आहे हे बघणं ही सगळ्यात स्वस्त पडताळणी असते.

आणखी एक, हे अख्खं एबीएल नाही. अख्खं प्रथिन हजारावर अमिनो आम्लांचं आहे, इथे फक्त कायनेजचा भाग आहे, २७० च्या आसपास. कुठे साखळी मध्येच तुटून पुढे सुरू होताना दिसली, तर तिथे प्रथिन हलतं राहिल्यामुळे घनता मिळाली नाही असं समजायचं. प्रथिन तिथे तुटलेलं नसतं.

खुणेच्या जागा

प्रथिन असं फिरवा की औषध मध्ये येईल, लहान भाग वर आणि मोठा भाग खाली. वरचा भाग म्हणजे एन-लोब: पाच बीटा पट्ट्या (चित्रात चपटे बाण) आणि एकच ठळक हेलिक्स (मळसूत्रासारखी गुंडाळी), तिला सी-हेलिक्स म्हणतात. खालचा सी-लोब बहुतेक हेलिक्सचाच. दोघांना जोडणारी छोटी पट्टी म्हणजे हिंज, आपली दाराची बिजागरीच. दोन लोबांच्या मधल्या फटीत एटीपी बसतो आणि औषधही तिथेच शिरतं.

आता एकेक अमिनो आम्ल काड्यांच्या रूपात दाखवत जा. तिसऱ्या बीटा पट्टीवर लायसीन २७१, सी-हेलिक्सवर ग्लुटामेट २८६. यांच्यात मिठाचा पूल (विरुद्ध भारांची जोडी) असेल, म्हणजे अंतर तीन-साडेतीन अँगस्ट्रॉमच्या घरात, तर सी-हेलिक्स 'आत' आहे. हिंजच्या तोंडाशी थ्रिओनीन ३१५, हा गेटकीपर, म्हणजे मागच्या खिशाचा द्वारपाल. त्याच्या पुढे हिंजमध्ये मेथिओनीन ३१८. खाली हिस्टिडीन ३६१, आर्जिनीन ३६२, ॲस्पार्टेट ३६३ हे त्रिकूट, त्यांच्या एकाक्षरी संकेतांवरून एचआरडी. आणि शेवटी डीएफजी: ॲस्पार्टेट ३८१, फिनाइलअॅलानीन ३८२, ग्लायसीन ३८३. यांतलं ३८२ एखाद्या भडक रंगात रंगवून ठेवा. पुढची गोष्ट त्याच्याभोवतीच फिरते.

क्रमांकांचा घोळ

इथे थोडं थांबतो, कारण माझे स्वतःचे दोन दिवस यात गेलेत. एबीएल नव्हे, ईजीएफआर हे दुसरं कायनेज आणि त्यावरचं औषध अर्लोटिनिब यांची रचना पाहत होतो, कोड १एम१७. त्या कायनेजचा गेटकीपर थ्रिओनीन ७९०, हे तोंडपाठ. ७९० वर गेलो तर तिथे ल्यूसीन! आधी वाटलं फाइल खराब आहे, मग वाटलं हा एखादा उत्परिवर्तित प्रकार असेल. प्रत्यक्षात प्रथिन पेशीत तयार होताना सुरुवातीचा २४ अमिनो आम्लांचा तुकडा कापला जातो आणि त्या नोंदीत मोजणी तो तुकडा वगळून केली आहे. म्हणजे खरा ७९० तिथे ७६६ वर बसलाय आणि हिंजचा मेथिओनीन ७९३ हा ७६९ म्हणून दिसतो. ल्यूसीन होतं ते खऱ्या मोजणीतलं ८१४.

एबीएलमध्येही असाच सापळा आहे. त्याचे १ए आणि १बी असे दोन प्रकार, आणि १बी मध्ये क्रमांक १९ ने पुढे सरकतात. वैद्यकीय लेखांतला टी३१५आय (३१५ वरच्या थ्रिओनीनच्या जागी आयसोल्यूसीन आल्याचं उत्परिवर्तन) हा १ए मोजणीतला. १बी ची मोजणी वापरणाऱ्या रचनेत तोच थ्रिओनीन ३३४ वर मिळतो. त्यात एमएमसीआयएफ फाइलमध्ये दोन मोजण्या एकत्र राहतात, एक रचना करणाऱ्यांनी दिलेली आणि एक नुसती १ पासून सुरू होणारी. मोलस्टारमध्ये अमिनो आम्लावर कर्सर नेला की बऱ्याचदा दोन्ही दिसतात.

उपाय साधा आहे. क्रमांकावर विसंबू नका, शेजार ओळखा. कुठल्याही कायनेजमध्ये आधी डीएफजी शोधा, एचआरडी शोधा, मग लेखातल्या क्रमांकांशी ताळा लावा. ताळा लागला की मगच पुढे.

औषधाने कुठे कुठे हात धरलाय

इमॅटिनिबचा तीन अक्षरी कोड एसटीआय. तो निवडा आणि त्याच्यापासून ४ अँगस्ट्रॉमच्या आतली अमिनो आम्लं दाखवा. हायड्रोजन वगळून या रेणूत ३७ अणू आहेत, लांबट आणि जरा वाकडा. एका टोकाला पिरिडीनचं कडं, मग पिरिमिडीन, मग मिथाइल लावलेलं बेंझिनचं कडं, मग अमाइड, पुन्हा बेंझिन आणि दुसऱ्या टोकाला पिपरॅझीन.

आता टोकापासून टोकापर्यंत चाला. पिरिडीनचा नायट्रोजन मेथिओनीन ३१८ च्या मुख्य साखळीतल्या एनएचला धरतो. एटीपीचं ॲडिनीनही हिंजला असंच धरतं, म्हणजे इथपर्यंत नकलेगत चाललंय. पुढे दोन कड्यांमधला एनएच थ्रिओनीन ३१५ च्या ओएचला. मग अमाइड: त्याचा एनएच ग्लुटामेट २८६ च्या बाजूसाखळीला, त्याचा ऑक्सिजन ॲस्पार्टेट ३८१ च्या मुख्य साखळीतल्या एनएचला. शेवटी पिपरॅझीनवरचा भारित नायट्रोजन आयसोल्यूसीन ३६० आणि हिस्टिडीन ३६१ यांच्या कार्बोनिल ऑक्सिजनना. झाले सहा हायड्रोजन बंध.

हे सहाही स्वतः मोजा, सॉफ्टवेअरने काढलेल्या तुटक रेघांवर समाधान मानू नका. हायड्रोजन दिसत नसल्याने अंतर जड अणूपासून जड अणूपर्यंत घ्यायचं. २.७ ते ३.३ च्या दरम्यान असेल तर बंध मानायला हरकत नाही. ३.६ ला ओढून 'बंध' म्हणणाऱ्या आकृत्या कमी नाहीत. पिपरॅझीनचं टोक बाहेर पाण्याच्या बाजूला असल्याने तिथली अंतरं साखळीगणिक थोडी बदललेली दिसली तर नवल नाही.

थ्रिओनीन ३१५ जवळ जरा रेंगाळा. त्याच्या जागी आयसोल्यूसीन आलं तर काय होईल, याची कल्पना करा: ओएच गेला, म्हणजे बंध गेला. वर नेमक्या त्याच जागी जास्तीचा कार्बन आडवा आला. रुग्णांमध्ये इमॅटिनिबला दाद न देणारं टी३१५आय हे उत्परिवर्तन ते हेच. २०१२ साली मान्यता मिळालेल्या पोनॅटिनिबमध्ये नेमका हा अडथळा टाळायला दोन कड्यांमध्ये सरळ, सडपातळ तिहेरी बंध घातलाय. तो आयसोल्यूसीनच्या शेजारून अंग चोरून निघून जातो.

वरच्या बाजूला टायरोसीन २५३ हेही बघा. ग्लायसीनने भरलेला तिथला लूप खाली दुमडून औषधावर झाकणासारखा आलाय. तिथली उत्परिवर्तनं औषधाला थेट धक्का न लावता झाकणच बिघडवतात.

घनता पाहिल्याशिवाय विश्वास नाही

आता प्रयोगाकडे. मोलस्टारमध्ये किंवा कूट या सॉफ्टवेअरमध्ये औषधाभोवतीची इलेक्ट्रॉन घनता चालू करा. मुख्य नकाशा १ ते १.५ सिग्माच्या (घनतेतल्या चढउताराचं एकक) पातळीवर ठेवा. निळ्या जाळीने रेणूची सगळी कडी नीट लपेटली असतील तर उत्तम. फरकाचा नकाशा (प्रयोग आणि मॉडेल यांतला फरक) ३ सिग्मावर: हिरवा डाग म्हणजे इथे काहीतरी आहे पण मॉडेलमध्ये नाही, लाल डाग म्हणजे मॉडेलमध्ये आहे पण प्रयोगात पुरावा नाही. पातळी खाली खाली नेत गेलात तर कुठल्याही अणूभोवती जाळी येते, तेव्हा स्वतःला फसवू नका.

आकड्यात हवं असेल तर नोंदीच्या पडताळणी अहवालात औषधासमोर आरएससीसी बघा, म्हणजे मॉडेल आणि घनता किती जुळतात याचा आकडा. ०.९ च्या वर चांगला. ०.८ च्या खाली गेला तर त्या रेणूच्या बसण्याच्या ढबीवर मोठे निष्कर्ष उभारू नयेत. बी-फॅक्टरही (अणूची जागा किती अस्थिर आहे याचं माप) तिथेच दिसतो. औषधाचा बी-फॅक्टर भोवतीच्या अमिनो आम्लांपेक्षा खूप जास्त असेल तर औषध तिथे डळमळतंय, किंवा स्फटिकातल्या सगळ्याच प्रतींत बसलेलं नाही.

फिनाइलअॅलानीन ३८२

भडक रंगवलेल्या त्या कड्याकडे आता परत या. चालू स्थितीतल्या कायनेजमध्ये डीएफजीचं ॲस्पार्टेट खोबणीत वळून मॅग्नेशियमला धरतं आणि फिनाइलअॅलानीन सी-हेलिक्सखालच्या खिशात दडलेलं असतं. याला डीएफजी-इन म्हणतात. तुमच्या पडद्यावर उलटं दिसेल. कडं खिशातून बाहेर पडून, १० अँगस्ट्रॉमच्या आसपास सरकून, एटीपीच्या जागेकडे आलंय. रिकाम्या झालेल्या खिशात इमॅटिनिबचा अमाइडपुढचा भाग घुसलाय. हे डीएफजी-आउट. म्हणजे औषधाने धरलंय ते बंद पडलेलं कायनेज.

नजरेने खात्री होत नसेल तर एक कामचलाऊ ठोकताळा आहे. सी-हेलिक्सवरच्या त्या ग्लुटामेटपासून चार पुढे या, इथे मेथिओनीन २९०. त्याच्या अल्फा कार्बनपासून फिनाइलअॅलानीनच्या कड्याच्या टोकापर्यंत अंतर मोजा. ११ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी तर इन, जास्त तर आउट. मधल्या अवस्थाही असतात, पण सुरुवातीला एवढं पुरतं.

तुलनेशिवाय मात्र हे मनात ठसत नाही. दुसरी नोंद उघडा, २जीक्यूजी: तेच मानवी एबीएल, पण डॅसॅटिनिबबरोबर, औषधाचा कोड १एन१. दोन्ही रचना एकमेकींवर बसवा (कायमेराएक्समध्ये मॅचमेकर). बसवताना फक्त सी-लोब जुळवा. वरचा लोब बिजागरीवर झुकत असतो, अख्खं प्रथिन जुळवायला गेलं की चूक सगळीकडे वाटली जाते आणि खरा फरक धूसर होतो. आता ३८२ चा रंग दोन्हीकडे बघा. डॅसॅटिनिबच्या रचनेत ते खिशात आहे, डीएफजी-इन. डॅसॅटिनिबही हिंजच्या ३१८ ला आणि गेटकीपर ३१५ ला धरतं, पण मागच्या खिशात त्याला जावं लागत नाही. टी३१५आय पुढे तेही हतबल होतं, आणि का, ते आता तुम्हाला चित्रावरूनच सांगता येईल.

सक्रियण लूपही (डीएफजीपुढचा, कायनेज चालू-बंद करणारा लवचीक तुकडा) याच वेळी पाहून घ्या. इमॅटिनिबच्या रचनेत तो आत दुमडलाय आणि त्यावरचा टायरोसीन ३९३ ॲस्पार्टेट ३६३ ला धरून बसलाय, जणू स्वतःच सब्स्ट्रेट (ज्यावर फॉस्फेट चढवायचा तो रेणू) असल्याच्या थाटात.

जे दिसत नाही ते

इथपर्यंत आलात की एक मोह होतो. सहा बंध मोजले, खिसा पाहिला, म्हणजे इमॅटिनिब एबीएललाच का चिकटतं ते कळलं. मग २ओआयक्यू उघडा. हे सार्क नावाचं कायनेज आहे, एबीएलचं जवळचं नातेवाईक, आणि त्यातही इमॅटिनिबच बसलंय, कोड तोच एसटीआय. (जीवाचं नाव तपासलंत? कोंबडीचं आहे. या क्षेत्रात सार्कसाठी ते चालतं.) इथे डीएफजी ४०४ पासून सुरू होतो आणि गेटकीपर ३३८ वर आहे, तोही थ्रिओनीनच. रचना एबीएलवर बसवा आणि औषधाभोवतीचे बंध पुन्हा एकेक मोजा. डीएफजी-आउट तसाच, औषधाची ढब तशीच, बंधही जवळपास तेच. आणि तरी इमॅटिनिब सार्कला एबीएलपेक्षा हजार पटींहून अधिक दुबळं चिकटतं.

हा फरक दोन स्थिर चित्रांत शोधून सापडत नाही. तो आहे त्या स्थितीला पोचायला प्रथिनाला किती जड जातं आणि औषध बसल्यावर ते किती घट्ट होतं, यात. तेव्हा दोन्ही रचना उघड्या ठेवा, ३८२ आणि ४०५ एकाच रंगात रंगवा, आणि बंधक स्थिरांकांचे (औषध किती घट्ट चिकटतं त्याचे) आकडे मात्र प्रयोगांच्या तक्त्यातून आणून वहीत शेजारी लिहा.